गाडी न थांबणारं आमचं तिवरपाडा हॉल्ट

चालू स्टेशनावर गप्पा कधी पुऱ्या होत नाहीत. कोणी रंगात येऊन काही सांगायला लागावं, ऐन मोक्याच्या जागी गाडी यावी आणि ऐकणाऱ्यांनी गोष्ट तिथंच टाकून डब्याकडे पळावं, हे ठरलेलं. आमच्या तिवरपाड्याच्या स्टेशनावर ती भीती नाही. गाडी येते, पण थांबत नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्ट शेवटापर्यंत जाते, एकीतून दुसरी निघते, आणि आता किस्स्यांचा एवढा साठा झालाय की मालगाडी लावली तरी थोडे उरतील!

पेण सोडून गाडी रोह्याकडे निघाली की थोड्या वेळानं खाडीच्या बाजूला एक बुटका प्लॅटफॉर्म लागतो. त्यावर पत्र्याची शेड, सिमेंटचा एक बाक आणि फळी ठोकून बंद केलेली तिकीट खिडकी. गाडीत झोपलेल्या माणसाला तो दिसत नाही आणि जागा असलेला म्हणतो, "हे काय होतं?" ते आम्ही होतो!

आम्ही म्हणजे रोजची मंडळी. मी पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे काढतो, त्याला आमच्यात आखणी म्हणतात. गजा डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे, शिफ्ट सुटली की मोटरसायकल थेट प्लॅटफॉर्मवर चढवतो. हसनभाई बरीच वर्षं कुवेतला होते, आता कायमचे घरी आलेत. आणि या दरबाराचे राजे म्हणजे सदाकाका, स्टेशन चालू होतं तेव्हाचे हॉल्ट एजंट. हॉल्ट एजंट म्हणजे रेल्वेचा नोकर नव्हे. गावातलाच माणूस पेणहून तिकिटं आणून खिडकीत बसून विकतो, कमिशनवर. पण सदाकाकांचा रुबाब स्टेशन मास्तरच्या वरचा.

हिराकाकी, त्यांची बायको, गप्पांत बसत नाही. ती प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला सुकट वाळवते, कावळे हाकते आणि तिथूनच आमच्या प्रत्येक वाक्यावर शेरा मारते.

काकीचं एक मागणं आहे, ते आधीच सांगून टाकतो, कारण सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हाच नवऱ्याला म्हणाली होती, "एकदा दोगा मिलून गारीत बसू, आपल्या ठेसनावरनं." साधी गोष्ट. पण काका एजंट! गाडी आली की काका खिडकीत, गाडी गेली की काका मोकळे. माणूस गाडीत बसणार कधी? मग थांबा बंद झाला. काका दिवसभर मोकळे, पण गाडी थांबेना.

"पेणला जाऊन बस ना गो," काका म्हणतात. "गारी तीच हाय."

"दुसऱ्याच्या ठेसनावर जाऊन उभी ऱ्हाऊ? आपला असताना?"

या एका वाक्यापुढे काका आजवर कधी गेलेले नाहीत.

*

आता स्टेशन एवढं गावाबाहेर का, हे पाहुण्यांना पडणारं कोडं.

गावात दोन आळ्या. एक मिठागरावर काम करणाऱ्यांची, एक खारजमिनीत भात करणाऱ्यांची. रेल्वेची माणसं मापं घ्यायला आली तेव्हा मिठागरवाले म्हणाले, स्टेशन आमच्या बाजूला. भातवाले म्हणाले, आमच्या. बैठका झाल्या, देवळात नारळ फुटले, एका लग्नात दोन्हीकडच्या पंगती वेगळ्या बसल्या. शेवटी म्हाताऱ्या माणसांनी बसून न्याय केला.

"कुनाच्याच दारात नको. मध्ये घ्या."

मध्ये म्हणजे जिथं कोणीच राहत नाही तिथं! दोन्ही आळ्यांना सारखीच पायपीट. चिखलातून चपला हातात घेऊन गाव स्टेशनावर यायचं आणि भातवाले मिठागरवाल्यांचे भरलेले पाय बघून खूश व्हायचे. सदाकाका अजून छाती पुढे काढून सांगतात, "तवापासून गावात भांडान नाय. सगल्यांनाच त्रास!"

*

सदाकाकांच्या खिडकीचा एक मोठा दोष होता. ते तिकीट द्यायच्या आधी चौकशी करायचे.

"कुठं?"

"पेण."

"कशाला?"

"बाजाराला."

"बाजार? परवा तर आनलास भरून! कांदे संपले? माझ्याकडं हायत, घेऊन जा." आणि खरंच हिराकाकीच्या टोपलीतले कांदे खिडकीतून बाहेर यायचे. गिऱ्हाईक तिकिटाऐवजी कांदे घेऊन घरी!

कमिशनवरचा माणूस. जितकी तिकिटं जास्त, तितका त्याचा फायदा. पण समोरच्याचा फेरा वाचवल्याशिवाय याला चैन पडायचं नाही. कोणी रोह्याला डॉक्टरकडे निघाला की काका खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या कपाळाला लावायचे. "ताप कुठं हाय? जा, पेज पी आनि झोप."

भांडून माहेरी निघालेल्या बायकांसाठी तर खास नियम होता. डोळे पुसत, कडेवर पोर घेऊन कोणी आली की काका खिडकी लावून घ्यायचे. "तिकिटं संपली!" गाडी निघून गेली की खिडकी उघडायची, काकी चहा आणायची, आणि तोवर नवरा चिखल तुडवत शोधायला आलेला असायचा. मग दोघं एकमेकांशी न बोलता, पण एकाच वाटेनं घरी जायची.

गावातले निदान अर्धे संसार या खिडकीनं टिकवले, असं आम्ही सगळे मानतो. माझासुद्धा त्यात धरा. बायको अजून म्हणते, "त्या दिवशी तिकिटं संपली नसती तर!" तिला खरं कोणी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

हे सगळं छानच. पण वरती साहेबलोकांकडे आकडे जायचे ते विकलेल्या तिकिटांचे. वाटलेल्या कांद्यांचे नाही.

*

गावचा गणपती पेणहून गाडीनं यायचा. मी कारखान्यात लागलो त्या वर्षी मूर्ती मीच घेऊन निघालो. मूर्ती मांडीवर, तोंडावर रुमाल, शेजारी टाळवाले दोघं. पेणच्या पुढे चेकर आला.

"हे लगेज आहे. लगेजचं तिकीट दाखवा."

नशीब, सदाकाका त्या वर्षी हौसेनं सकाळी एसटीनं पेणला येऊन आमच्याबरोबर परतत होते... असं मी सांगायला लागलो की काकी लांबून ओरडते, "खोटा! तवा ते खिरकीत व्हते! एसटीनं गेले, एसटीनंच आले, गारीत नाय बसले. बसले असते तर मी सोडला असता?" बरोबर आहे. काका गाडीत नव्हते. तर चेकरशी मीच भांडलो.

"साहेब, देव लगेज कसा?"

चेकर मुरलेला होता, कोकणातलाच असणार. "प्राणप्रतिष्ठा झाली?"

"नाही, ती उद्या."

"मग आज माती. माती म्हणजे लगेज."

डब्यातली अर्धी माणसं चेकरच्या बाजूनं, अर्धी देवाच्या. एक आजी म्हणाली, "पोटातल्या पोराचा तिकीट लागतो का? तसाच हा!" चेकरनं मान डोलावली. पण नियमाचा पक्का, हटेना. तेवढ्यात तिवरपाडा आलं आणि तो माझ्यामागोमाग खाली उतरला. तिकीट खिडकीतून काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे एक तिकीट फाडून चेकरच्या हातात ठेवलं. लगेजचं नव्हे, माणसाचं! पूर्ण!

"लगेज म्हनून माझ्या ठेसनावर देव उतरनार नाय."

त्यानंतर स्टेशन चालू होतं तोवर दरवर्षी गणपतीचं पूर्ण तिकीट निघायचं. आता मूर्ती टेम्पोनं येते. टेम्पोवाला माझ्याच कारखान्यातला, वळणावर फार जपून घेतो, तरी गाडीत मांडीवर घेऊन बसण्याची मजा नाही ती नाहीच.

*

आता स्टेशन बंद कसं पडलं ते.

थांबा ठेवायचा की नाही हे बघायला एक साहेब येणार, अशी बातमी लागली. गावाची मीटिंग झाली. मिठागरवाले आणि भातवाले पहिल्यांदाच एका बाजूला बसले. ठराव एकच: साहेबाला गर्दी दिसली पाहिजे! त्या दिवशी झाडून सगळ्यांनी गाडीत बसायचं.

आणि गाव बसलं! सकाळच्या गाडीला म्हातारेकोतारे, पोरंबाळं, नव्या साड्या, जेवणाचे डबे. सदाकाकांनी त्या दिवशी कोणालाही "कशाला?" विचारलं नाही, नुसती तिकिटं फाडत राहिले. गार्डनं कपाळाला हात लावला. खिडकीतले काका आणि त्यांच्याशिवाय न बसणारी काकी सोडून सगळं गाव रोह्याला गेलं, नदीवर डबे खाल्ले, बाजार बघितला, दुपारच्या गाडीनं नाचत परत आलं.

साहेब मधल्या वेळेत येऊन गेले होते. जीपनं.

स्टेशनावर चिटपाखरू नाही. साहेब गावात गेले, तिथं तर कुत्रीसुद्धा कंटाळून झोपलेली. प्रत्येक दाराला कडी. फिरून फिरून साहेब खिडकीशी आले. काकांनी छाती फुगवून सांगितलं, "सगला गाव गारीनं गेलाय, साहेब!"

साहेबांनी रिकाम्या गावाकडे बघितलं, रिकाम्या प्लॅटफॉर्मकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "कायमचा?"

काही दिवसांनी गाडी थांबेनाशी झाली. काका आठवडाभर खिडकी उघडून बसत होते. काकीनं सुकटीची चटई अंगणातून उचलली आणि प्लॅटफॉर्मवर आणून टाकली. "मोकला हाय ना आता? मग वापरते." तेव्हापासून ती तिथंच आहे. मला तेव्हा वाटलं होतं, बाई रुसलीय. आता कळतं की तिला काकांना एकटं बसू द्यायचं नव्हतं.

*

थांबा गेला तेव्हा गजाचं लग्न ठरायचं होतं. आमच्याकडे मुलाच्या माहितीत नोकरी, शेती यांच्याबरोबर "गावाला स्टेशन आहे" हे वाक्य असायचंच. गजाच्या वडिलांनी सवयीनं तेच सांगितलं. मुलीकडचे पनवेलच्या बाजूचे. त्यांनी विचार केला, स्टेशन आहे तर गाडीनंच जाऊ.

ते गाडीत बसल्यावर फोन आला, तेव्हा इकडे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आता काय करायचं? गजाच्या वडिलांनी हुकूम सोडला, "सगले ठेसनावर चला!"

आम्ही प्लॅटफॉर्मवर रांगेनं उभे राहिलो. मध्ये गजा, इस्त्रीचा शर्ट. शेजारी त्याची आई, हातात आरतीचं ताट. हसनभाईंनी कुवेतचं घड्याळ गजाच्या मनगटावर चढवलं. गाडी आली. मुलीकडची सगळी खिडक्यांना चिकटलेली! आम्ही हात हलवले, त्यांनी हलवले. गजानं नमस्कार केला तो पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत. गाडी गेली.

नागोठण्याहून मुलीच्या बापाचा फोन. "अहो, तुमच्या गावात गाडी थांबतच नाही!"

"नाय थांबत," गजाचे वडील मान खाली घालून म्हणाले. "या ना रिक्षानं."

"कशाला? बघितलं की सगळं! मुलगा बरा आहे, माणसं भरपूर आहेत, गावही दिसलं. आम्हाला पसंत."

लग्न झालं, दोन मुली झाल्या, संसार झकास चाललाय. फक्त भांडण झालं की गजाची बायको दारात उभी राहून सांगते, "गाडी थांबली असती ना, तर नीट बघून नकार दिला असता!"

*

हसनभाई बोलतात कमी. पण एक त्यांचाच ऐका.

कुवेतहून शेवटचं परत येताना विमान लांबलं. विमानतळावर लोक खवळलेले, कोणी काउंटरवर हात आपटतोय, कोणी फोनवर ओरडतोय. हसनभाई बॅगेवर पाय पसरून खजूर खातायत. शेजारच्या मल्याळी माणसानं विचारलं, "भाई, तुमको टेन्शन नहीं?"

हसनभाई म्हणाले, "हमारे गाँव में तो गाड़ी रुकती ही नहीं, फिर भी हम रोज जाके बैठते हैं!"

तो माणूस म्हणे उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला.

*

मध्यंतरी दोन पोरं कॅमेरा घेऊन आली. बंद स्टेशनं शोधत फिरतात, व्हिडिओ टाकतात. तिन्हीसांजेला येऊन हळू आवाजात बोलायला लागली, "दोस्तो, यहाँ अजीबसी खामोशी है..."

"कोन रं तिकडं? सुकटीवर पाय देशील!"

खामोशी संपली! अंधुक उजेडात डोक्यावर पदर घेतलेली काकी काठी उगारून उभी. त्यातला एक पळाला तो थेट रुळांवरून पलीकडे. दुसरा जागीच थिजला. काकीनं त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. धीर आल्यावर त्यानं सदाकाकांना विचारलं, "काका, इथं भूत आहे का?"

काका जे भडकले! "ठेसन बंद हाय, मेलेला नाय!"

व्हिडिओ आलाच. नाव काय, तर कोकणातलं झपाटलेलं स्टेशन. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं भूत बघायला येतात, काकीच्या हातचा चहा पितात आणि सुकट बांधून घेऊन जातात. काकी सगळ्यांना एकच विचारते, "गारीनं आलाव? नाय? मग काय उपेग तुमचा!"

*

मग पुन्हा एकदा आशा लागली. एक तरुण साहेब आले. या खेपेला वेळ कळवून आले, आणि आम्हीही या खेपेला जागेवर होतो. साहेब मऊ बोलणारे. थांबा परत मिळू शकतो का, याचा विचार चाललाय म्हणाले. काकी सुकट सोडून जवळ येऊन उभी राहिली. ती कधी येत नाही.

"थांबा हवाय का?"

"पायजे!" सगळे एका सुरात. शेडचा पत्रा हलला असेल.

"छान. आता सांगा, रोज गाडीनं कोण कोण जाणार?"

मी कारखान्यात स्कूटरनं जातो. हसनभाईंना कुठं जायचंच नसतं. मिठागरवाल्यांची पोरं बाईकवर, भातवाल्यांची कंपनीच्या बसनं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साहेब थांबले होते. शेवटी गजानं घसा खाकरला.

"साहेब, आमी जानार नाय. पन गारी थांबली पायजे!"

साहेब हसले. टिंगलीनं नव्हे, मनापासून हसले. चहा पिऊन गेले. पुढे काही झालं नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

पण काकीनं त्या दिवशी आम्हाला जे झोडलं! "एक जरी बोलला असतात, मी जाईन, तरी चालला असता! मी व्हते ना! मना कुनी इचारला?" आणि खरंच, साहेबांनी पुरुषांकडे बघून विचारलं आणि आम्ही पुरुषांनीच उत्तर दिलं. सदाकाका बाकावर मान घालून बसले होते. ते हळूच म्हणाले, "मी इचारायला पायजे व्हता गो." मी काकांना असं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आम्ही त्या संध्याकाळी लवकर उठलो.

हसनभाई वाटेत म्हणाले, "आता नाय थांबनार. काकीचा राहिलाच."

*

हा आता शेवटचा.

यंदाचे गणपती घरोघर जाऊन बसले, कारखान्याला सुट्टी पडली आणि मी नात्यातल्या एका साखरपुड्यासाठी रोह्याला निघालो. पावसाचा नेम नव्हता म्हणून स्कूटर पेणला ठेवली आणि गाडी धरली. खिडकीची जागा मिळाली. स्वतःच्या गावावरून न थांबता जाताना मला नेहमी जरा चोरट्यासारखं वाटतं. म्हणून मी हात बाहेर काढून मंडळींना हाक मारतो आणि ते दगड मारल्याचं नाटक करतात.

त्या दिवशी हात बाहेर काढला आणि गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. आणि थांबली.

प्लॅटफॉर्मवर! बरोब्बर!

पुढे सिग्नल नव्हता, एवढंच. पण बाहेरचं दृश्य तुम्ही बघायला हवं होतं. गजा तोंड उघडं टाकून उभा. हसनभाईंचा चहाचा कप ओठांपाशी तसाच. आणि सदाकाका? ते उठले आणि सवयीनं धावले थेट तिकीट खिडकीकडे. फळी ठोकलेल्या! तिथं जाऊन दोन्ही हातांनी फळी ओढायला लागले.

समोरच्या माणसानं मला विचारलं, "कुठलं स्टेशन?"

"तिवरपाडा," मी म्हटलं.

एकटी काकी भानावर होती. हातातली सुकट चटईवर टाकली, हात पदराला पुसले आणि चालत सरळ आमच्या डब्याच्या दाराशी आली.

"अवो, चला!"

"गो, थांबलेली नाय ती! सिग्नल लागलाय!" काका खिडकीकडून ओरडले.

"थांबली का नाय थांबली?"

"पन तिकीट—"

"चला वो!"

मी दाराकडे पळालो. प्लॅटफॉर्म बुटका, पायरी उंच, काकीचे गुडघे दुखरे. मी वरून ओढली, गजानं खालून आधार दिला. काकी आत! काका दांड्याला धरून खालीच. एक पाय पायरीवर, एक तिवरपाड्यात. "मी कदी विदाऊट गेलो नाय रं," ते मला सांगत होते, आणि गाडीनं भोंगा दिला. गजा आणि हसनभाईंनी एकमेकांकडे बघितलं, काकांना दोन्हीकडून उचललं आणि आत ठेवलं, मूर्ती ठेवतात तसं. एक चप्पल खालीच राहिली.

"सुकट मी बघतो, काकी!" हसनभाई गाडीबरोबर चालत ओरडले. "कावले हाकतो! जा तुमी!"

मी काकीला माझी खिडकी दिली. काका शेजारी, एका पायात चप्पल, हात मांडीवर घट्ट. शेड मागे गेली, बाक मागे गेला, हात हलवणारे दोघं लहान लहान होत गेले. काकी बघतच राहिली. मग काकांच्या हातावर हात ठेवला, सगळ्या डब्यासमोर. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. आनंदाचंच.

काकांचं लक्ष मात्र खिडकीबाहेर नव्हतं. ते डब्याच्या दुसऱ्या टोकाला बघत होते. आणि ज्याला ते घाबरत होते तो आलाच. तरुण चेकर, एकेकाची तिकिटं बघत, हळूहळू आमच्याकडे सरकत. मी काकांना खूण केली, गप्प बसा, मी बोलतो. पण काका उभे राहिले. लांबूनच हात जोडले.

"साहेब, आमी दोगा विदाऊट हाय."

चेकर थबकला. स्वतः होऊन असं सांगणारा प्रवासी त्याला पहिल्यांदाच भेटला असणार.

"कुठून बसलात, काका?"

"तिवरपाडा."

त्यानं हातातल्या मशिनीत बघितलं. यादीत बोट वर नेलं, खाली आणलं, परत वर नेलं. मग मान हलवली.

"काका, तिवरपाडा असं स्टेशनच नाहीये."

काकांची मान खाली गेली. काकीनं मात्र खिडकीतून तोंड वळवलं, चेकरकडे नीट बघितलं आणि म्हणाली,

"मग आमी बसलो कुठनं?"